१८ मीटर डीपी रस्त्याची फेररचना : चालणाऱ्यांसाठी नेमकं काय मागावं? (टोपणनावांनी झालेली चर्चा)

पाऊलवाट

पुण्याच्या उपनगरातला एक डीपी (विकास आराखड्यातला) रस्ता, लांबी साधारण ६५० मीटर, आराखड्यातली रुंदी १८ मीटर. सध्या मधे १२ मीटर डांबर आणि दोन्ही कडांना जेमतेम दीड मीटर पेव्हरचा फुटपाथ. उरलेल्या दीड-दीड मीटरच्या पट्टीत माती, राडारोडा, विजेच्या पेट्या आणि लावून ठेवलेल्या दुचाक्या. दोन्ही दिशांनी बस जाते. एक शाळा, एक बँक, दवाखाना, ३५-४० दुकानं, संध्याकाळी भाजीच्या दहा-बारा हातगाड्या. शाळा सुटते तेव्हा मुलं फुटपाथवरून नाही, रिक्षा आणि बसच्या मधून चालत असतात.

आता काँक्रिटीकरण व्हायचं आहे आणि त्यासोबत फुटपाथही नव्याने होणार. प्राथमिक नकाशात मधे १ मीटरचा दुभाजक, दोन्हीकडे साडेसहा मीटर रस्ता आणि कडेला २-२ मीटर फुटपाथ दाखवलाय. लेखी सूचना द्यायला तीन आठवडे आहेत. "फुटपाथ रुंद करा" एवढंच लिहिलं तर त्याचं काही होणार नाही हे कळतंय. मोजमापासकट काय मागावं? आणि कागदावर चांगला असलेला फुटपाथ प्रत्यक्षात कुठे बिघडतो?

छेदरेषा

सगळ्यात आधी दुभाजक काढायला सांगा. १८ मीटरच्या रस्त्यावर दुभाजक आला की एका दिशेचा साडेसहा मीटरचा पट्टा म्हणजे दोन मार्गिका होतात, समोरून येणाऱ्या गाडीची धास्ती जाते आणि वेग वाढतो. दुसरं म्हणजे दुभाजकातली फट दूर असली की दुचाकीवाला वळसा घालत नाही, उलट दिशेने येतो, आणि उलट येताना सगळ्यात सोयीचा त्याला फुटपाथच असतो. फुटपाथवर दुचाकी चढते त्याचं मूळ बऱ्याचदा दुभाजकात असतं.

आता वाटणी. नेहमी गाड्यांची जागा आधी काढतात आणि उरलेलं फुटपाथला देतात. तुम्ही उलटीकडून या. कुंपणाच्या भिंतीपासून सुरुवात करा. भिंतीलगत अर्धा मीटर सोडा, कारण दुकानाची पायरी, उघडणारं शटर, पाटी वाचणारा माणूस यात ती जागा जातेच. त्यापुढे २.२५ मीटर निव्वळ चालायला. यात खांब, पेटी, झाड, बाक काहीही येणार नाही. त्यापुढे १ मीटरची पट्टी झाडं, दिवे, पेट्या आणि बाकांसाठी. त्यापुढे २ मीटरची पट्टी, जिच्यात कुठे गाड्या लावायची जागा, कुठे बसथांबा, कुठे हातगाड्या. एका बाजूची बेरीज ५.७५, दोन्ही बाजूंची ११.५. मधे उरतात साडेसहा मीटर, म्हणजे ३.२५ च्या दोन मार्गिका. बसची रुंदी २.६ मीटरच्या आसपास असते, तेव्हा दोन बस एकमेकींशेजारून सावकाश जातात. सावकाशच जायला हव्यात.

इंडियन रोड्स काँग्रेसच्या आयआरसी १०३ या पादचारी सुविधांच्या संहितेत (२०१२ ची आवृत्ती) निव्वळ चालण्याची रुंदी किमान १.८ मीटर आणि फुटपाथची उंची जास्तीत जास्त १५० मिलिमीटर दिली आहे. दुकानांच्या रस्त्यावर २.५ मीटर अपेक्षित आहे, म्हणून शाळा आणि दुकानांच्या पट्ट्यात पार्किंग काढून ते २.२५ चे तीन मीटर करून घ्या. सूचनेत "फुटपाथची रुंदी" हा शब्द वापरू नका. "अडथळारहित चालण्याची निव्वळ रुंदी" असंच लिहा. नाहीतर कर्ब स्टोन (कडेचा दगड), झाडाचा कठडा आणि विजेची पेटी धरून २ मीटर मोजतात, आणि माणसाला मिळतात ऐंशी सेंटिमीटर.

पुणे महापालिकेची २०१६ ची अर्बन स्ट्रीट डिझाइन मार्गदर्शक तत्त्वं आहेत, त्यात रस्त्याच्या रुंदीनुसार नमुना छेद (आडव्या वाटणीच्या आकृत्या) आहेत. त्यांचा उल्लेख करा. जंगली महाराज रस्त्यावर बसायच्या जागा, रुंद फुटपाथ आणि आखून दिलेली पार्किंगची खाचं एकत्र कशी बसतात ते सगळ्यांनी पाहिलेलं आहे, त्यामुळे बैठकीत समजावायला ते उदाहरण सोपं पडतं.

एक गोष्ट आधी तपासा. १८ मीटर सगळीकडे ताब्यात आहे का? जुन्या रस्त्यावर कुठेतरी एखादं घर किंवा भिंत पुढे आलेली असते. दर २० मीटरला भिंत ते भिंत मोजा. जिथे १५ मीटरच भरेल तिथे आधी एका बाजूची पार्किंगची पट्टी जाईल, मग गरज पडली तर झाडांची पट्टी दुसऱ्या बाजूच्या पार्किंगमध्ये सरकेल. चालण्याची रुंदी १.८ च्या खाली कुठेही जाणार नाही. कापाकापीचा हा क्रम सूचनेत लिहूनच द्या, कारण तो लिहिलेला नसेल तर जागेवर पहिली कात्री फुटपाथलाच लागते.

समतल

वरची वाटणी पटली. पण चाकाच्या खुर्चीवरच्या माणसाला, बाबागाडी ढकलणाऱ्या आईला, गुडघे दुखणाऱ्या आजींना रुंदीपेक्षा पातळी जास्त छळते. ६५० मीटरमध्ये सोसायट्यांची आणि दुकानांची मिळून २५ फाटकं धरली, आणि प्रत्येक फाटकाशी फुटपाथ खाली उतरून पुन्हा वर चढला, तर एका बाजूला ५० चढउतार झाले. आजी तिसऱ्या फाटकालाच रस्त्यावर उतरतात आणि मग रस्त्यावरूनच चालतात.

फुटपाथ फाटकासमोरही सलग, त्याच पातळीत जाऊ द्या. चढायचं गाडीने. त्यासाठी उतार चालण्याच्या पट्टीत करायचा नाही, बाहेरच्या झाडांच्या १ मीटर पट्टीत करायचा. फुटपाथची उंची १०० मिलिमीटर ठेवली तर १ मीटरमध्ये १:१० चा उतार मिळतो, गाडीचा तळ घासत नाही. १५० ठेवली तर तो जवळजवळ १:७ होतो. जमतो, पण लोक कुरकुरतात आणि मग स्वतःच सिमेंट ओतून फुटपाथवर उतार करून घेतात. म्हणून फाटकं जास्त असलेल्या रस्त्याला १०० बरी.

माणसांसाठीचा उतार वेगळा, तो १:१२. म्हणजे १५० मिलिमीटर उतरायला १.८ मीटर लांबी लागते. तो उतार फुटपाथला आडवा काढला आणि मागे किमान १.२ मीटर सपाट जागा उरली नाही, तर सरळ पुढे जाणाऱ्याची खुर्ची तिरकी होते. अरुंद फुटपाथ असेल तिथे कोपऱ्यावर अख्खा फुटपाथच हळूहळू खाली आणायचा. उताराचं टोक रस्त्याला मिळतं तिथे ओठ, म्हणजे छोटी उभी कड, राहतो, तोही नको. २० मिलिमीटरच्या ओठावर पुढचं छोटं चाक अडकतं.

अंध व्यक्तींसाठीच्या टाइल ३०० बाय ३०० च्या असतात. रेघांची टाइल म्हणजे "चालत राहा", ठिपक्यांची म्हणजे "थांब, पुढे काहीतरी आहे". नेहमीची चूक म्हणजे रेघांची ओळ चेंबरच्या झाकणापाशी तुटते किंवा थेट दिव्याच्या खांबात जाते. टाइलच्या दोन्ही बाजूंना ६०० मिलिमीटर मोकळं हवं आणि डोक्यावर २.२ मीटर. दुकानाची पाटी आणि झाडाची फांदी दोन्ही यात धरा. चकचकीत पिवळी टाइल घेऊ नका, पावसात पाय सरकतो.

तिठा

चौक आणि फाटे यांकडे वेगळं लक्ष द्या, कारण फुटपाथ तिथेच संपतो आणि गाडी तिथेच वळते.

कोपऱ्याची त्रिज्या मागा. नकाशावर कोपऱ्याला गोलाई किती दिली आहे ते बघा, ९ ते १२ मीटर सर्रास असते. साडेसहा मीटरच्या गल्लीच्या तोंडाशी, मुख्य रस्त्याच्या कडेपासून २ मीटर आत झेब्रा आहे असं धरा. कोपरे १० मीटर त्रिज्येचे असतील तर ओलांडायचं अंतर दोन्हीकडून ४-४ मीटरने वाढून साडेचौदा होतं. त्रिज्या ४ मीटर केली तर तेच अंतर सुमारे ७.६ भरतं. सेकंदाला १ मीटर या वयस्कर माणसाच्या चालीने हा सात सेकंदांचा फरक आहे. शिवाय मोठ्या गोलाईवर गाडी वेग न सोडता वळते.

अग्निशमन गाडीचं काय, हा प्रश्न हमखास येईल. आणीबाणीची गाडी वळताना समोरच्या मार्गिकेतून फिरू शकते, आणि रोजच्या वळणासाठी नाही तर क्वचित येणाऱ्या गाडीसाठी हवं तर कोपऱ्याला खडबडीत दगडाचा, ५० मिलिमीटर उंचीचा, चढता येईल असा पट्टा द्यावा. कारवाला त्यावर जाणं टाळतो, बंबवाला जातो.

झेब्रापाशी पार्किंगची २ मीटर पट्टी बंद करून फुटपाथ पुढे आणा. म्हणजे ओलांडायचं अंतर साडेदहाऐवजी साडेसहा. आणखी महत्त्वाचं म्हणजे लावलेल्या गाडीआडून निघणारं मूल चालकाला आधीच दिसतं. झेब्राच्या अलीकडे किमान ५ मीटर गाडी उभी राहायला जागाच नसावी.

शाळेसमोर झेब्रा फुटपाथच्या पातळीत उचला, ज्याला टेबलटॉप म्हणतात. रस्ता ओलांडणारा खाली उतरत नाही, गाडी वर चढते. वरचा सपाट भाग ५ ते ६ मीटर ठेवा म्हणजे बसची पुढची-मागची चाकं एकाच वेळी वेगवेगळ्या उतारांवर येत नाहीत आणि मागे बसलेल्यांची पाठ वाचते. बस धावणाऱ्या रस्त्यावर उतार १:१५ च्या आसपास, म्हणजे १५० मिलिमीटर उंचीला सव्वादोन मीटर. याऐवजी रबरी पट्ट्यांचे किंवा डांबराचे उंचवटे टाकू दिलेत तर ते वर्षभरात उखडतात आणि रुग्णवाहिकेला खरा त्रास त्यांचाच होतो.

टेबलटॉप फसतो तो पाण्यामुळे. तो रस्त्याला घातलेला बंधारा असतो. चढाच्या बाजूला, उतार सुरू व्हायच्या आधी दोन्ही कडांना पावसाळी गटाराची जाळी हवीच. ती विसरली की पहिल्याच पावसात तळं साचतं आणि लोक टेबलटॉपच फोडायला सांगतात. काही ठिकाणी पाणी जावं म्हणून टेबलटॉप आणि फुटपाथ यांच्यामध्ये फट ठेवतात. त्यात चाक आणि काठी दोन्ही अडकतात. फटीवर जाळी टाका, आणि तिच्या सळ्या चालण्याच्या दिशेला आडव्या येतील अशा बसवा.

वेगाबद्दल बैठकीत एकच हिशेब सांगा. चालकाला प्रतिक्रियेला एक सेकंद आणि कोरड्या रस्त्यावर चांगला ब्रेक धरला तर ताशी ३० ला गाडी १३ मीटरच्या आसपास थांबते, ५० ला सुमारे २८ मीटर लागतात. ३० च्या वेगाची गाडी जिथे उभी राहिलेली असेल, तिथे ५० वाल्याने ब्रेकवर नुकता पाय ठेवलेला असतो.

पाऊलवाट

खूप उपयोगाचं आहे हे. तीन शंका. एक, दुकानदार पार्किंग कमी करायला तयार नाहीत. दोन, भाजीच्या गाड्या फुटपाथवर आल्या तर पुन्हा वाट बंद. तीन, फुटपाथवर दुचाक्या चढू नयेत म्हणून बोलार्ड (आखूड खांब) किती अंतरावर?

छेदरेषा

पार्किंगवर वाद घालण्याआधी मोजणी करा. एक कामाचा दिवस आणि एक रविवार, सकाळी ८ ते रात्री ९, दर अर्ध्या तासाला रस्ता चालत जायचं आणि लावलेल्या प्रत्येक गाडीच्या नंबरचे शेवटचे चार आकडे जागेसह लिहायचे. दोघांचं काम आहे. तक्ता भरला की कुठली गाडी वीस मिनिटं थांबली आणि कुठली सकाळपासून तिथेच आहे ते डोळ्यांसमोर येतं. दिवसभर उभ्या असलेल्या गाड्या दुकानदारांच्या, कामगारांच्या किंवा वरच्या मजल्यावरच्या रहिवाशांच्या निघाल्या, तर गिऱ्हाइकाची जागा कोण अडवतंय हे दुकानदार स्वतःच बघतो. शिवाय कारच्या ५ मीटरच्या एका खाचात दुचाक्या आडव्या लावल्या तर पाच सहज बसतात. तुमच्या रस्त्यावर बहुतेक गिऱ्हाईक दुचाकीने किंवा पायी येत असेल तर दुकानांसमोर दुचाकीची खाचं आणि कारची जागा टोकाला, ही मांडणी त्यांच्याच फायद्याची.

भाजीवाल्यांना नकाशात जागा द्या. २०१४ च्या पथविक्रेता कायद्याप्रमाणे त्यांना नुसतं हुसकावता येत नाही, नगर पथविक्रेता समितीमार्फत जागा ठरते. गाड्या २ मीटरच्या बाहेरच्या पट्टीत, तोंड फुटपाथकडे. गाडीला १.२ मीटर गेले की ८० सेंटिमीटर आणि त्यामागची झाडांची १ मीटर पट्टी गिऱ्हाइकाला उभं राहायला मिळते, चालणारा मोकळा राहतो. चूक होते ती गिऱ्हाइकाची जागा न धरल्यामुळे. गाडी नेमून दिलेल्या चौकोनात असते आणि वाट अडते ती मेथीची जुडी निवडत उभ्या असलेल्या चार माणसांनी. या पट्टीत एक नळ, एक दिवा आणि कचऱ्याची जागाही दाखवा, नाहीतर पाला गटाराच्या जाळीत जातो.

बसथांबाही याच पट्टीत, पण खाच करून नाही. खाचात शिरलेल्या बसला बाहेर पडता येत नाही, म्हणून चालक रस्त्यातच थांबतो आणि प्रवासी खाचातून धावतात. फुटपाथ १५ मीटर लांबीत मार्गिकेपर्यंत पुढे आणा, निवारा त्या ३ मीटरमध्ये बसवा. मागची चालायची वाट मोकळी राहते.

समतल

बोलार्डमधलं मोकळं अंतर १.२ मीटर. ९० सेंटिमीटरच्या खाली जाऊ नका, खुर्ची अडेल. यात कार थांबते, पण दुचाकी जाते हे आधीच मान्य करा. जिथून खुर्ची जाईल तिथून स्कूटर जाणारच. गोल फिरणारी फाटकं, इंग्रजी झेड आकाराचे पाइप हे सगळे उपाय दुचाकीवाल्याआधी अपंग माणसाला बाहेर ठेवतात. कृपा करून ते मागू नका.

तिठा

समतल यांच्याशी सहमत, थोडी भर. फाटकांशी सलग फुटपाथ ठेवला की चढायला उतार फक्त फाटकांसमोरच उरतात. त्या उताराची रुंदी फाटकाएवढीच, ३ ते साडेतीन मीटर ठेवा आणि दोन्ही कडांना एकेक बोलार्ड. आणि सिग्नलच्या रांगेमुळे दुचाक्या चढत असतील, तर रांग जिथे सुरू होते त्या भागातले कोपरे आधी बंद करा.

खोदाई

आता जमिनीखालचं. हे नाही पाहिलं तर वरचं सगळं दोन वर्षांत उकरलं जाईल.

बेंगळुरूच्या टेंडरशुअर रस्त्यांमध्ये महत्त्वाचं काम हेच होतं की पाणी, वीज, केबल, सांडपाणी यांच्या वाहिन्या आखून फुटपाथखाली घेतल्या आणि ठरावीक अंतरावर चेंबर दिले. तुमच्या रस्त्याला तेवढा पैसा नसेल, तरी निदान ११० ते १६० मिलिमीटरचे चार-सहा रिकामे पाइप झाडांच्या पट्टीखालून सलग टाकून घ्या, दर ४०-५० मीटरला चेंबर, आणि प्रत्येक फाट्यापाशी रस्त्याखालून आडवे पाइप. काँक्रीट झाल्यावर आडवी खोदाई म्हणजे सहा महिने खड्डा.

काँक्रीटची पातळी हा दुसरा मोठा घोटाळा. वरचा थर २०० मिलिमीटरच्या पुढे, खाली कोरडं काँक्रीट, त्याखाली खडीचा थर. जुनं डांबर न उकरता हे वर चढवलं तर रस्ता फूटभर उंच होतो, फुटपाथ खड्ड्यात जातो आणि पाणी सोसायटीच्या वाहनतळात शिरतं. म्हणून लेखी मागा : "तयार रस्त्याची पातळी सध्याच्या पातळीपेक्षा वर जाणार नाही", आणि काम सुरू व्हायच्या आधी प्रत्येक फाटकाच्या उंबऱ्याची पातळी नकाशावर नोंदवून घ्या. भिंतीवर रंगाने खूणही करून ठेवा.

पेव्हर. चालायच्या भागात ६० मिलिमीटर जाडीचा ब्लॉक पुरतो, फाटकांसमोर जिथे गाडी जाते तिथे ८० चा, आयएस १५६५८ या भारतीय मानकाप्रमाणे. खालची माती धुम्मस करून, त्यावर खडीचा थर दाबून, मग रेतीची गादी २५ ते ४० मिलिमीटर. इथेच बिघडतं. खालचा थर पातळीत आणायचे कष्ट वाचवायला रेती शंभर मिलिमीटर ओततात. पहिल्या पावसात ती वाहते आणि ब्लॉक हलू लागतात. लोखंडी सळई घेऊन जा आणि दहा ठिकाणी टोचून रेती मोजा. ब्लॉकमधल्या २ ते ४ मिलिमीटर सांध्यात बारीक कोरडी रेती झाडूने भरून वरून प्लेट कॉम्पॅक्टर (थरथरत दाबणारं यंत्र) फिरवायचा. कर्ब स्टोनमागे काँक्रीटचा आधार हवा, नाहीतर कड सरकते आणि मागची ओळ उघडते.

फुटपाथचा आडवा ढाळ रस्त्याकडे १:५०. २.२५ मीटरला ४५ मिलिमीटर. यापेक्षा जास्त दिला तर खुर्ची एका बाजूला ओढते, कमी दिला तर पाणी साचतं. चेंबरची चौकट ब्लॉक बसवायच्या आधी अंतिम पातळीला उचलून घ्या. नंतर उचलली की भोवती सिमेंटचा ढिगारा होतो आणि फुटपाथच्या मधोमध ठेच लागणारा उंचवटा तयार होतो.

झाडांना किमान १.२ बाय १.२ मीटर माती मोकळी सोडा. पट्टी १ मीटरची असेल तर चौकोन लांबट करा, १ बाय दीड. बुंध्याला सिमेंट टेकू देऊ नका. आणि दिवे : १० मीटर उंचीचा दिवा झाडाच्या वर राहतो आणि फुटपाथवर अंधार पडतो. त्याच खांबावर फुटपाथच्या बाजूला ४ ते ५ मीटर उंचीवर दुसरा दिवा मागा.

पाऊलवाट

दुकानदारांसमोर हे मांडण्याआधी रस्त्यावर करून दाखवता येईल का?

छेदरेषा

जरूर करा, वाहतूक पोलिसांची लेखी परवानगी घेऊन. पुणे महापालिकेने ११ डिसेंबर २०२१ ला लक्ष्मी रस्त्याचा एक भाग दिवसभर वाहनांसाठी बंद ठेवून पादचारी दिन केला होता. तुम्हाला रस्ता बंद करायचीही गरज नाही. शाळेसमोरचा ४० मीटरचा तुकडा घ्या, चुन्याची फक्की आणि २५-३० शंकू. पार्किंगची पट्टी शंकूंनी बंद करा, कोपऱ्याची ४ मीटर त्रिज्या खिळा आणि दोरीने आखा, मधे साडेसहा मीटर सोडा. रविवारी नको, शाळेच्या दिवशी करा. बस दोन्हीकडून जाताना, पाण्याचा टँकर वळताना आणि शाळा सुटताना वरच्या गॅलरीतून अर्धा-अर्धा तास चित्रण घ्या. टँकरचं चाक फक्कीच्या रेषेवरून जिथे गेलं ती जागा मोजून ठेवा, खडबडीत दगडाचा पट्टा तेवढ्याच जागी लागेल.